बालगंधर्व आणि बोलपट : एका रूढ समजुतीचा विचार

१. विषयाचें स्वरूप

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासांत एक समजूत इतकी रूढ झाली आहे कीं, ती पुराव्याच्या कसोटीस लावून पाहण्याची गरजच कोणास वाटत नाहीं. ती समजूत अशी : इ. स. १९३१ सालीं बोलपट आला, त्यानें प्रेक्षक ओढून नेले, नाटकगृहें बळकावलीं, आणि त्या पुरांत नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांची गंधर्व नाटक मंडळी वाहून गेली. पुढें स्वतः बालगंधर्वांनीं बोलपटांत पाऊल टाकलें, परंतु जन्मभर स्त्रीभूमिका केलेल्या नटास पुरुषाची भूमिका साधली नाहीं, म्हणून तेथेंहि त्यांना अपयश आलें.

या समजुतींत दोन स्वतंत्र विधानें एकत्र गोंविलेलीं आहेत. पहिलें कंपनीच्या ऱ्हासाविषयीं, दुसरें नटाच्या कलेविषयीं. दोहोंतहि सत्याचा कांहीं अंश आहे. पण घटनांचा कालानुक्रम लावून पाहिला असतां दोन्ही विधानें जशींच्या तशीं टिकत नाहींत, असें वाचकांस दिसून येईल.

प्रश्न एका नटाच्या कीर्तीपुरताच नाहीं. एखादी कला लोप पावली म्हणजे तिचा एक बाह्य शत्रु नेमून देणें सोपें असतें, आणि तसा तो नेमून दिला कीं लेखकाचें काम आटोपतें. मात्र त्यामुळें ती कला कोणत्या आधारावर उभी होती, तिला श्रोत्यांकडून काय मिळत होतें, आणि तो आधार केव्हां व कसा सुटला, हें अज्ञातच राहतें. यासाठीं प्रस्तुत लेखांत प्रथम चरित्राची रूपरेषा, नंतर कलेचें शास्त्रीय स्वरूप, मग कंपनीचा व्यवहार, आणि शेवटीं बोलपटांतील अनुभव, या क्रमानें विचार केला आहे.

२. चरित्राची रूपरेषा

नारायणरावांचा जन्म इ. स. १८८८ च्या जून महिन्याच्या २६ तारखेस झाला. राजहंस घराणें मूळचें नागठाण्याचें. मुलाचा गळा लहानपणापासूनच गोड होता. इ. स. १८९८ च्या सुमारास पुण्यास लोकमान्य टिळकांनीं या मुलाचें गाणें ऐकून 'हा तर बालगंधर्व' अशा अर्थाचे उद्गार काढले आणि तेंच नांव पुढें रूढ झालें, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. नांव कसेंहि मिळालेलें असो, तें पुढें जन्मनांवाहून मोठें झालें, एवढें निर्विवाद आहे.

त्या वेळीं किर्लोस्कर नाटक मंडळीची स्थिति विवंचनेची होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं इ. स. १८८० सालीं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणून जी परंपरा सुरू केली, तिचा मुख्य आधार म्हणजे भाऊराव कोल्हटकर हे इ. स. १९०१ सालीं निवर्तले. स्त्रीभूमिका करणारा तोलाचा गायक नट मंडळीस मिळेना. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं नारायणाच्या कानाच्या दुखण्यावर उपचार व्हावा म्हणून त्यास मिरजेस पाठविलें, आणि तेथेंच किर्लोस्कर मंडळीशीं त्याचा संबंध आला. इ. स. १९०५ सालीं मिरजेस शकुंतलेच्या भूमिकेंत ते प्रथम उभे राहिले. त्या वेळीं त्यांचें वय सतरा वर्षांचें होतें.

यापुढील आठ वर्षें किर्लोस्कर मंडळींत गेलीं. गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारखा साक्षेपी तालीममास्तर लाभला, हें त्यांचें मोठें भाग्य होय. पद म्हणतांना शब्द पुसट होऊं नये, अर्थ सुरांत बुडूं नये, हा जो त्यांच्या गाण्याचा विशेष पुढें सर्वमान्य झाला, त्याचें मूळ या तालमींत आहे. संगीताची विद्या त्यांना भास्करबुवा बखले यांच्याकडून मिळाली. इ. स. १९११ च्या मार्च महिन्याच्या १२ तारखेस मुंबईस कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशीं नारायणरावांची लहान मुलगी वारली. प्रयोग बंद ठेवावा असें इतरांनीं सुचविलें असतांहि त्यांनीं भामिनीची भूमिका केली. ही हकीकत नटाच्या धैर्याचें उदाहरण म्हणून सांगण्यांत येते. पण हजारों लोकांशीं आपण बांधलेले आहों ही जाणीव त्यांच्या ठिकाणीं किती खोल होती, हेंहि तिजवरून समजतें. तो धागा पुढें उपयोगी पडणार आहे.

त्याच वर्षीं मंडळीचे एक प्रमुख चालक नानासाहेब जोगळेकर वारले. मालकीचे व कारभाराचे वाद वाढले, आणि इ. स. १९१३ सालीं नारायणराव, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे या तिघांनीं बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. त्यानंतरचा सात-आठ वर्षांचा काळ हा या संस्थेचा वैभवकाळ होय. इ. स. १९१६ सालीं 'स्वयंवर' आलें. त्यांतील पदांना भास्करबुवांनीं चाली दिल्या होत्या आणि रुक्मिणीची भूमिका नारायणरावांची होती. इ. स. १९१९ च्या फेब्रुवारींत बडोद्यास राम गणेश गडकऱ्यांचें 'एकच प्याला' रंगभूमीवर आलें. नाटककार त्यापूर्वीं सुमारें एक महिना, २३ जानेवारीस, दिवंगत झाला होता. त्यांतील सिंधूची भूमिका नारायणरावांनीं केली. इ. स. १९२० सालीं खाडिलकरांचें 'द्रौपदी' आलें.

३. रूपानुसारिणी प्रकृति

आतां या कलेचें स्वरूप पाहूं. भरतांच्या नाट्यशास्त्रांत कोणत्या नटास कोणती भूमिका द्यावी याचा विचार करतांना प्रकृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत. स्त्रीनें स्त्रीची व पुरुषानें पुरुषाची, वयासहि अनुरूप अशी भूमिका करणें, ती अनुरूपा. बालानें वृद्धाची अथवा वृद्धानें बालाची भूमिका करणें, ती विरूपा. आणि पुरुषानें स्त्रीस्वभावाचें अनुसरण करणें, ती रूपानुसारिणी. हा तिसरा प्रकार शास्त्रकारांनीं नाइलाजाची सोय म्हणून सांगितलेला नाहीं. अनुरूपेप्रमाणेंच तोहि प्रयोगाचा एक मान्य प्रकार आहे.

याच ग्रंथांत लोकधर्मी व नाट्यधर्मी असा दुसराहि भेद केला आहे. लोकव्यवहार जसा आहे तसा दाखविणें ती लोकधर्मी. संकेतानें, अलंकरणानें, नटाच्या विशेष कौशल्यानें दाखविणें ती नाट्यधर्मी. रूपानुसारिणी प्रकृति ही उघडच नाट्यधर्मीच्या पोटांत येते. तीत प्रेक्षकाची फसवणूक नसते. समोर उभी असलेली रुक्मिणी हा पुरुष आहे हें प्रेक्षागृहांतील प्रत्येकास ठाऊक असतें. किंबहुना बालगंधर्वांचें नांव वाचूनच त्यानें तिकीट काढलेलें असतें. तरीहि नट व प्रेक्षक या दोघांमध्यें एक अलिखित करार होतो, आणि त्या कराराच्या बळावर प्रेक्षक रुक्मिणीला रुक्मिणी मानतो.

बालगंधर्वांची थोरवी अशी कीं, हा करार त्यांनीं केवळ पाळला नाहीं, तर त्यास प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांचें नेसणें, केशरचना, दागिने यांचें अनुकरण प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रिया करूं लागल्या, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. येथें क्रम उलटा झाला हें लक्षांत घेण्यासारखें आहे. नटानें लोकांचें अनुकरण करावयाचें, तर लोकच नटाचें अनुकरण करूं लागले. मात्र भरजरी शालू म्हणजेच गंधर्वांची कला, असें समजणाऱ्यांनीं सिंधूकडे पाहावें. त्या भूमिकेंत उंची वस्त्रें नाहींत, दागिने नाहींत. दारूनें नागविलेल्या घरांतील, जुनेर नेसून जात्यापाशीं बसलेली ती गृहिणी आहे. जो नट रुक्मिणीच्या वैभवाइतक्याच सामर्थ्यानें सिंधूचें दारिद्र्य उभें करतो, त्याची कला वस्त्रांवर अवलंबून नव्हती हें सांगावयास नको.

मग ती कशावर अवलंबून होती ? याचें उत्तर त्यांच्या गाण्याच्या पद्धतींत आहे.

४. सिद्धि आणि 'वन्स मोअर'

नाट्यशास्त्रांत प्रयोगाच्या यशास सिद्धि म्हटलें आहे. दैविकी व मानुषी असे तिचे भेद असून मानुषी सिद्धीचे वाङ्मयी व शारीरी असे आणखी दोन प्रकार आहेत. प्रेक्षकांनीं स्मित करणें, हंसणें, 'साधु', 'अहो' असे उद्गार काढणें ही वाङ्मयी सिद्धि. अंगावर रोमांच उभे राहणें, आसनावरून उठणें, वस्त्रें व अंगठ्या नटाकडे टाकणें ही शारीरी सिद्धि. म्हणजे प्रेक्षकाचा प्रतिसाद हा प्रयोगाच्या बाहेरचा नव्हे, प्रयोगाचाच भाग, अशी आपल्या शास्त्रकारांची दृष्टि होती.

संगीत नाटकांतील 'वन्स मोअर' हा याच वाङ्मयी सिद्धीचा आधुनिक अवतार होय. शब्द इंग्रजांचा असला तरी व्यवहार जुना आहे. नटानें पद म्हणावें, श्रोत्यांनीं तें पुन्हां मागावें, आणि दुसऱ्या वेळीं नटानें तेंच पद नव्या अंगानें रंगवावें. मग तिसऱ्यांदा मागणी यावी. हा क्रम मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चाले. बालगंधर्वांच्या साथीस ऑर्गन, कादरबक्ष यांची सारंगी आणि पुढें अहमदजान थिरकवा यांचा तबला असे. एवढ्या मोठ्या कलावंतांची साथ केवळ ठरीव चाल वाजविण्यासाठीं नव्हती. पद दर रात्रीं नवें होत असे, आणि तें किती व कसें नवें व्हावें हें समोरचा प्रेक्षक ठरवीत असे.

या कलेचा आज हातीं असलेला मुख्य पुरावा म्हणजे त्यांच्या ध्वनिमुद्रिका. त्या मोठ्या संख्येनें उपलब्ध आहेत आणि अभ्यासकांनीं त्या अवश्य ऐकाव्यात. परंतु कागदाचा पुरावा वाचतांना जशी तो कोणीं, कोणासाठीं व कोणत्या मर्यादेंत लिहिला याची चौकशी आपण करतों, तशीच येथेंहि केली पाहिजे. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक गाणें मावत नसे. म्हणजे रंगभूमीवर श्रोत्यांच्या मागणीनें वाढत जाणारें पद तबकडींत शिरतांना त्याचा केवळ सांगाडा शिल्लक राही. स्वराचें माधुर्य, लयीवरील ताबा आणि शब्दोच्चाराची स्वच्छता यांची साक्ष तबकडी देते. पद व श्रोता यांच्यामधील देवघेवीची साक्ष ती देऊं शकत नाहीं. ध्वनिमुद्रिकेवरून नटाचें अनुमान करणाऱ्यानें हा भेद विसरतां कामा नये.

५. कंपनीचा व्यवहार आणि कालानुक्रम

आतां पहिल्या विधानाकडे वळूं. बोलपटानें गंधर्व नाटक मंडळी बुडविली काय ?

'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट इ. स. १९३१ च्या मार्च महिन्यांत मुंबईस लागला. प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट इ. स. १९३२ च्या फेब्रुवारींतला. याउलट गंधर्व नाटक मंडळीवर लाखांच्या घरांत गेलेलें कर्ज इ. स. १९२१ च्या सुमारासच उघडकीस आलें होतें. कर्ज आणि बोलपट यांत दहा वर्षांचें अंतर आहे. कार्य हें कारणाच्या आधीं असूं शकत नाहीं, हा न्याय इतिहासासहि लागू आहे.

त्या कर्जाचीं कारणें कंपनीच्या घडणींतच होतीं. तीन भागीदारांपैकीं टेंबे इ. स. १९१५ सालींच वेगळे झाले, आणि पुढें बोडसहि दूर झाले. हिशेबाकडे पाहणारा माणूस राहिला नाहीं. नारायणरावांची वृत्ति खर्चिक नव्हे, तर खर्चाकडे पाहावयाचेंच नाहीं अशी होती. प्रेक्षकांस जें दाखवावयाचें तें उत्तमच असलें पाहिजे, या आग्रहापायीं पडदे, वस्त्रें, अलंकार, अत्तरें, साजिंदे यांवर पाण्यासारखा पैसा गेला. 'द्रौपदी' नाटकाच्या मयसभेसारख्या देखाव्यांवर झालेला खर्च प्रसिद्धच आहे. हा दोष खरा. पण तो वरील कराराचीच दुसरी बाजू आहे हेंहि विसरूं नये.

इ. स. १९२१ च्या जुलै महिन्याच्या ८ तारखेस मुंबईस जो संयुक्त 'मानापमान'चा प्रयोग झाला, त्याकडे या पार्श्वभूमीवर पाहिलें म्हणजे त्याचा अर्थ अधिक उघड होतो. टिळक स्वराज्य फंडासाठीं ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी झाले. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत चढला होता. लोकांची मागणी शिगेस पोंचली होती आणि त्याच वेळीं कंपनी कर्जांत बुडालेली होती. म्हणजे त्या काळीं प्रेक्षक कमी झाले नव्हते. आवक होती, व्यवस्था नव्हती. त्या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आंत, ४ ऑक्टोबर रोजीं, केशवराव वयाच्या एकतिसाव्या वर्षीं निवर्तले. पुढल्याच वर्षीं भास्करबुवा गेले. नारायणरावांनीं कंपनी मोडली नाहीं. तिचा सर्व भार एकट्यानें शिरावर घेतला आणि या दशकाचीं पुढचीं वर्षें प्रयोगांमागून प्रयोग करून ऋण फेडण्यांत घालविलीं.

तर मग बोलपटाचा परिणाम मुळींच झाला नाहीं काय ? झाला, आणि तो सर्व मंडळ्यांवर झाला. नाटकगृहांचे मालक तीं बोलपटास देऊं लागले, आणि मोठ्या बिऱ्हाडाच्या फिरत्या मंडळीस गांवोगांवीं जागा मिळणें कठिण झालें. दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीनेंहि इ. स. १९३४ सालीं 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट काढून पाहिला. परंतु आधींच खचलेल्या भिंतीवर आलेला पाऊस आणि धडधाकट भिंतीवर आलेला पाऊस यांत भेद केला पाहिजे. बोलपटानें गंधर्व मंडळीचा शेवट जवळ आणला असें म्हणणें योग्य होईल. तिच्या ऱ्हासाचा आरंभ त्यानें केला असें म्हणतां येत नाहीं.

६. चित्रपटांतील अनुभव

दुसऱ्या विधानाकडे येण्यापूर्वीं चित्रपट व रूपानुसारिणी यांचा संबंध थोडक्यांत पाहिला पाहिजे. ज्या इ. स. १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली, त्याच सालीं दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट लोकांपुढें आला. त्यांत तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषानें केली होती. याच साळुंक्यांनीं इ. स. १९१७ च्या 'लंकादहना'त राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. परंतु फाळक्यांनीं आपल्या दुसऱ्याच कथाचित्रांत, 'मोहिनी भस्मासुरां'त, दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमला या दोन स्त्रियांस पडद्यावर आणलें. इ. स. १९३२ च्या 'अयोध्येच्या राजां'त तीच तारामती दुर्गाबाई खोटे यांनीं केली, आणि हरिश्चंद्र झाले होते गंधर्व मंडळीचे एके काळचे भागीदार गोविंदराव टेंबे. एकाच कथेच्या या दोन चित्रांमध्यें एकोणीस वर्षें गेलीं. तेवढ्यांत पडद्यावरील रूपानुसारिणी जाऊन तिची जागा अनुरूपेनें घेतली होती.

अशा वेळीं, इ. स. १९३४-३५ च्या संधीस, बालगंधर्वांनीं नाटकाचे प्रयोग थांबविले आणि प्रभात कंपनीशीं करार केला. या करारांतून व्ही. शांताराम यांनीं दिग्दर्शित केलेला 'धर्मात्मा' हा बोलपट इ. स. १९३५ सालीं मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. त्याचें आधींचें नांव 'महात्मा' होतें. सरकारी परीक्षकांच्या हरकतीमुळें तें बदलावें लागलें. कथा एकनाथमहाराजांची, तिच्यांतील मध्यवर्ती प्रसंग अस्पृश्याच्या घरीं नाथांनीं केलेल्या भोजनाचा, संगीत मास्तर कृष्णरावांचें, आणि नाथांच्या भूमिकेंत सत्तेचाळीस वर्षांचे बालगंधर्व. चित्रास अपेक्षित यश आलें नाहीं. पुढील चित्रें निघण्यापूर्वींच हा संबंध संपला.

स्त्रीभूमिकेची संवय हेंच या अपयशाचें कारण, असें जें म्हणतात तें न्यायशास्त्राच्या अन्वय-व्यतिरेकानें तपासून पाहूं.

पुढल्याच वर्षीं, इ. स. १९३६ च्या डिसेंबरांत, त्याच प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' निघाला. त्यांत तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनीं केली. हे पागनीसहि तरुणपणीं नाटक कंपनींत स्त्रीभूमिका करीत असत. वयहि गंधर्वांच्या आसपासचें, चव्वेचाळीसचें. विषयहि संतचरित्राचा. तरी तो बोलपट मुंबईच्या एकाच चित्रगृहांत वर्षाहून अधिक काळ चालला आणि इ. स. १९३७ सालीं व्हेनिस येथील महोत्सवांत त्याचा गौरव झाला. म्हणजे येथें मानलेलें कारण विद्यमान असून अपयशरूपी कार्य झालें नाहीं. हा अन्वयव्यभिचार होय.

उलट बाजूनें पाहूं. इ. स. १९३७ सालीं बाबुराव पेंटर यांनीं 'साध्वी मीराबाई' हें चित्र काढलें. तें गंधर्वांच्या 'अमृतसिद्धि' या नाटकावरून घेतलेलें होतें आणि मीराबाईची भूमिका स्वतः बालगंधर्वांचीच होती. येथें पुरुषभूमिका नव्हती; स्वतःच्या रंगभूमीवर मुरलेली स्त्रीभूमिकाच होती. तरीहि चित्र चाललें नाहीं. म्हणजे मानलेलें कारण नसतांहि अपयश आलें. हा व्यतिरेकव्यभिचार. जें कारण दोन्ही बाजूंनीं व्यभिचरित होतें, तें कारण म्हणून सोडूनच दिलें पाहिजे.

मग खरें कारण कोणतें ? आमच्या मतें तें वर सांगितलेल्या सिद्धीच्या विचारांत आहे. चित्रगृहांतील प्रेक्षक पडद्याकडे पाहून रडूं शकतो, टाळ्या वाजवूं शकतो. पण त्याच्या टाळीनें पडद्यावरील पद वाढत नाहीं. तेथें मानुषी सिद्धि प्रयोगानंतर येते, प्रयोगांत शिरत नाहीं. चित्र घेतांना तर नटापुढें कॅमेरा, ध्वनियंत्र आणि चार कामगार एवढेंच असतें. प्रसंग तुकड्यातुकड्यांनीं घ्यावयाचा, पद ठरलेल्या मिनिटांत बसवावयाचें, आणि दोन भाषांचें चित्र असल्यास सगळें दोनदां करावयाचें. पागनिसांचें भजन या मर्यादेंत मावलें, कारण भजनाचा श्रोता विठ्ठल असतो आणि त्याच्याकडून 'वन्स मोअर'ची अपेक्षा नसते. शिवाय प्रेक्षकांच्या मनांत पागनिसांची दुसरी कोणतीहि मूर्ति ठसलेली नव्हती. म्हणून ते तुकाराम दिसले. बालगंधर्वांचा प्रेक्षक मात्र नाथांच्या मुखवट्यामागें भामिनी आणि रुक्मिणी शोधीत राहिला. मीराबाईच्या वेळीं त्यास ती स्त्रीमूर्ति मिळाली, पण ज्या कराराच्या बळावर ती मूर्ति उभी राहत असे तो करार कॅमेऱ्यास मान्य नव्हता. कॅमेरा जवळ येतो, वय दाखवितो, आणि संकेत म्हणून कांहीं सोडून देत नाहीं. तो स्वभावानें लोकधर्मी आहे.

७. रंगभूमीवरील पालट

हा पालट केवळ पडद्यावर झाला असता तर बालगंधर्वांना परत येण्यास रंगभूमि होती. परंतु तीहि बदलत होती. इ. स. १९३३ च्या जुलै महिन्याच्या १ तारखेस नाट्यमन्वंतर या संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक मुंबईस केलें. त्यांत स्त्रियांच्या भूमिका ज्योत्स्नाबाई भोळे व पद्माबाई वर्तक यांनीं केल्या, आणि पदें मोजकींच होतीं. म्हणजे गंधर्व प्रभातमध्यें जाण्यापूर्वींच अनुरूपा प्रकृति रंगभूमीवर आली होती, आणि तिच्याबरोबर नव्या प्रेक्षकाची दृष्टीहि.

स्वतः बालगंधर्वांनींहि पुढें हा बदल स्वीकारला. चित्रपट सोडून ते रंगभूमीवर परतले, आणि इ. स. १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी या गायिका त्यांच्या मंडळींत आल्या. ज्या भूमिकांनीं गंधर्वांचें नांव झालें होतें त्या आतां गोहरबाई करूं लागल्या आणि नारायणराव पुरुषभूमिकांत उभे राहूं लागले. पत्नी लक्ष्मीबाई यांच्या निधनानंतर कांहीं वर्षांनीं, इ. स. १९५१ सालीं, त्यांनीं गोहरबाईंशीं विवाह केला. या संबंधावरून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली आणि जुने चाहते दुरावले. त्या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. कलेच्या दृष्टीनें मात्र एक गोष्ट नमूद केली पाहिजे : रूपानुसारिणीच्या सर्वांत थोर नटानें आपल्या हयातींत आपल्या भूमिका एका स्त्रीच्या हातीं दिल्या. हें परंपरेचें विसर्जन असेल, पण तें परक्यानें केलेलें नाहीं.

शेवटचीं वर्षें हलाखींत व आजारांत गेलीं. पाय निकामी झाल्यावरहि भजनें गाण्याचा त्यांचा क्रम पुष्कळ दिवस चालला होता. इ. स. १९५५ सालीं संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि इ. स. १९६४ सालीं पद्मभूषण हे मान मिळाले. त्याच १९६४ सालीं गोहरबाई निवर्तल्या. इ. स. १९६२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या ८ तारखेस पुण्यांत त्यांच्याच नांवाच्या रंगमंदिराचें भूमिपूजन त्यांच्याच हस्तें झालें. पण तें मंदिर उघडलेलें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. इ. स. १९६७ च्या जुलै महिन्याच्या १५ तारखेस त्यांचा अंत झाला आणि पुढल्या वर्षीं त्यांच्या जन्मदिवशीं, २६ जून रोजीं, रंगमंदिर खुलें झालें. तेथें चित्रकार गोपाळराव देऊसकर यांनीं काढलेलीं त्यांचीं दोन भव्य तैलचित्रें आहेत, एक पुरुषवेषांतील आणि एक स्त्रीवेषांतील.

८. उपसंहार

एवढ्या विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. (अ) गंधर्व नाटक मंडळीची आर्थिक पडझड बोलपटाच्या दहा वर्षें आधीं सुरू झाली होती आणि तिचीं कारणें कंपनीच्या व्यवस्थेंत होतीं. (आ) बोलपटांतील अपयश हें स्त्रीभूमिकेच्या संवयीचें फल नव्हे. तसें असतें तर पागनीस यशस्वी झाले नसते आणि 'साध्वी मीराबाई' अयशस्वी झालें नसतें. (इ) बालगंधर्वांची कला प्रेक्षकाच्या प्रत्यक्ष सहभागावर आणि नाट्यधर्मी संकेतावर उभी होती. चित्रपटांत पहिल्यास वाव नव्हता व दुसऱ्यास मान्यता नव्हती, आणि रंगभूमीनेंहि हा संकेत त्याच सुमारास सोडला.

हें प्रतिपादन अधिक दृढ अथवा दुरुस्त करावयाचें तर अस्सल कागदांची गरज आहे. जुन्या नाटक मंडळ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या, करारनामे, हस्तपत्रकें, तिकिटांचे हिशेब आणि साजिंद्यांच्या टिपणवह्या पुष्कळ घरांतून माळ्यावर पडून असतील, आणि दर पावसाळ्यांत त्यांतील कांहीं नाहींशा होत असतील. दक्तरखान्यांतील फारशी फर्मानाइतकेंच हेंहि इतिहासाचें साधन आहे. ज्या वाचकांच्या घरीं असे कागद असतील त्यांनीं ते रद्दींत घालण्यापूर्वीं एकवार एखाद्या अभ्यासकाच्या दृष्टीस पाडावेत, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.